रिकाम्या सीटचा पट्टा

आमच्या भोरटेकच्या विमानशाळेत विद्यार्थ्यांसाठी सत्तावीस नियम आहेत. ते मीच मराठीत लिहून ब्रीफिंग रूमच्या भिंतीवर लावले, कारण इंग्रजी पुस्तकातले नियम पोरं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पहिला नियम शिक्षक शेजारी असतानाचा आहे: विमान एका वेळी एकाच माणसाच्या हातात. घेताना 'माझ्याकडे' म्हणायचं, देताना 'तुझ्याकडे' म्हणायचं. बाकीचे बहुतेक एकट्याने उडण्याचे. बाजूचा वारा आठ नॉटच्या वर असेल तर विमानाला हात लावायचा नाही. सूर्य मावळायच्या तासभर आधी चाकं जमिनीवर हवीत. सोबत कोणालाही न्यायचं नाही, मित्र नाही, बहीण नाही, मांजरीचं पिल्लूसुद्धा नाही. (पिल्लाचं एकाने खरंच विचारलं होतं.) उतरताना जराही शंका आली तर हट्ट करायचा नाही, पूर्ण पॉवर द्यायची आणि पुन्हा वर जायचं. याला गो-अराउंड म्हणतात. माझ्या मते सत्तावीसांतला हा सगळ्यांत मोठा नियम.

शेवटचा नियम वाचून नवी पोरं हसतात. रिकाम्या सीटचा पट्टा बांधून ठेवावा, असा तो आहे. माणूसच नाही तर पट्टा कशाला, असं त्यांना वाटतं. पण सैल पट्टा हेलकाव्यात उडून त्या बाजूच्या, विमान वळवायच्या दांड्यात अडकू शकतो. आमच्याकडे रिवाज असा की पहिल्या सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडण्याच्या दिवशी शिक्षकाने इंजिन चालू असतानाच खाली उतरायचं, वाकून आपल्या सीटचा पट्टा आपल्या हाताने बांधायचा, दार लावायचं, दोनदा थोपटायचं आणि धावपट्टीच्या कडेला जाऊन उभं राहायचं.

हर्षल चौधरीच्या विमानातला पट्टा मी बांधला होता. अकरा वर्षांपूर्वी, डिसेंबरात. विमानाचं जे काही उरलं त्यात तो पट्टा तसाच बांधलेला सापडला.

*

मी कॅप्टन मंदाकिनी नारखेडे. वय त्रेपन्न, शिकवण्याचे तास नऊ हजारांवर. आमच्या धंद्यात ओरडणारे शिक्षक पैशाला पासरी मिळतात. मी ओरडत नाही. "नारखेडे मॅडम आवाज चढवत नाहीत," असं विद्यार्थी एकमेकांना सांगतात, आणि खोटं कशाला बोलू, ते कानावर आलं की मला बरं वाटायचं.

पूर्वी विद्यार्थ्याला एकटं सोडायला शिक्षकाची सही पुरायची. आता पडछायेचा आकडा लागतो.

पडछाया म्हणजे काय ते सांगते. विद्यार्थी शिक्षकाबरोबर पहिले वीसेक तास उडतो तेव्हा विमानातला प्रत्येक दांडा, प्रत्येक पेडल त्याच्या हातापायांचा जोर मोजत असतो. एक कॅमेरा त्याची नजर कुठे जाते ते टिपतो. हेडसेट नाडी मोजतो आणि बोलणं साठवतो. या सगळ्यातून मशीन एकच गोष्ट शिकतं: अमुक प्रसंगात ही व्यक्ती पुढच्या अर्ध्या सेकंदात काय करेल. असे अर्धे सेकंद एकापुढे एक लावत गेलं की अख्खं उड्डाण होतं. विद्यार्थ्याची ही नक्कल, म्हणजे पडछाया, मशीनमधल्या विमानात एकटी बसवतात आणि दहा हजार वेळा उडवतात. कधी बाजूचा वारा, कधी धावपट्टीवर कुत्रं, कधी उघडलेलं दार, कधी खोकणारं इंजिन. दहा हजारांत दहापेक्षा कमी वेळा मेली तर विद्यार्थ्याला एकटं सोडता येतं.

त्यात एक अट आहे. सही करणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक मरण शेवटपर्यंत बघायचं आणि ऐकायचं, कारण काय झालं ते मशीन सांगतं, का झालं ते सांगत नाही. पडछाया बोलतेही. माणूस गोंधळला की हात चुकायच्या आधी शब्द चुकतात, म्हणून इंजिनिअर लोकांनी तिचा आवाज ठेवला आहे. आणि विद्यार्थ्याला त्याची पडछाया कधीही ऐकवायची नाही.

आमच्याकडे हे सगळं मुबीन शेख सांभाळतो. पस्तिशीचा, कामाला वाघ, बोलायला कंजूष. नव्या शिक्षकांना तो सांगतो, "हे गणित आहे. गणित मरत नाही." मीही मान डोलवायचे. मग कृतिका वळवीचा आकडा आला, त्रेचाळीस.

कृतिका धडगावची. सातपुड्याच्या घाटात लहानाची मोठी झालेली, वीस वर्षांची, विचारलं तेवढंच बोलणारी. तिचे हात इतके हलके की विमानाला आपण चालवले जातोय हे कळूही नये. माझ्या अंदाजाने तिचा आकडा चार-पाच यायला हवा होता. महिनाअखेरपर्यंत तिचा सोलो झाला नाही तर बॅचमधून तिचं नाव कमी होणार होतं. धडगावातून पुन्हा कोणी तिला पाठवणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तीन दुपारी बसून मी ती त्रेचाळीस मरणं ऐकली. त्यांतली एकोणचाळीस एकाच जागी होती. विमान उतरताना उसळतं, ती नियमाप्रमाणे पूर्ण पॉवर देते, शांत आवाजात "गो-अराउंड" म्हणते. नाक वर जातं. मग विमान डावीकडे वळायला लागतं आणि डावा पंख बसतो. जमीन येईपर्यंत अडीच सेकंद उरतात. त्या अडीच सेकंदांत ती मान उजवीकडे वळवते, रिकाम्या सीटकडे बघते आणि म्हणते, "मॅडम?"

ती किंचाळत नाही. बाई शुद्धलेखन सांगता सांगता मध्येच थांबल्या तर वर्गातलं मूल जसं विचारतं, तसं विचारते. एकोणचाळीस वेळा. तिसऱ्या दुपारी मी हेडफोन काढून ठेवले, कारण तो शब्द त्याच सुरात मी आधी एकदा ऐकला होता.

*

हर्षल एकोणीस वर्षांचा होता. त्या सकाळी त्याने पहिल्या दोन फेऱ्या छान मारल्या. तिसऱ्यांदा उतरताना विमान उसळलं. मी कडेला उभी होते, हातात छोटा रेडिओ होता. त्याने पॉवर दिली, "गो-अराउंड" म्हणाला. या वेळी शिक्षकाने मध्ये बोलायचं नसतं, विद्यार्थ्याचं लक्ष विचलित होतं, म्हणून मी गप्प राहिले. विमान डावीकडे वळलं. रेडिओचं बटण पुन्हा दाबलं गेलं आणि एकच शब्द आला. मी तेव्हाही गप्पच राहिले.

चौकशी अहवालात लिहिलं आहे, 'शेवटी एक अस्पष्ट शब्द.' मला तो स्पष्ट ऐकू आला होता. समितीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, कळला नाही. अपघाताचं कारण लिहिलं गेलं: विद्यार्थ्याला विमानाची दिशा राखता आली नाही. खाली माझी सही आहे.

*

चौथ्या दिवशी मी कृतिकावर चिडले होते. चिडणं सोपं असतं. मी तिला घेऊन वर गेले आणि दहा गो-अराउंड करायला लावले. दहाही सुरेख झाले. उतरल्यावर मी मुबीनला सांगितलं की तुझं मशीन बिघडलंय.

त्याने पडद्यावर दोन रेषा काढल्या, एक हिरवी, एक केशरी. हिरवी डाव्या सीटवरच्या पेडलचा जोर, म्हणजे कृतिकाचा. केशरी उजव्या सीटवरचा.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. एका पंख्याच्या विमानाला पूर्ण पॉवर दिली की पंख्याचा वारा गोल फिरत शेपटीवर आदळतो आणि नाक डावीकडे ओढलं जातं. उजव्या पायाने पेडल दाबून ते सरळ धरायचं असतं. टेकऑफला कमी दाबलं तरी धावपट्टी रुंद असते, निभावून जातं. गो-अराउंडमध्ये वेग कमी असतो, नाक वर असतं, तिथे नाही दाबलं तर डावा पंख हवेवरची पकड सोडतो. पन्नास फुटांवर तो सावरायला जागा नसते. म्हणून जगभरातले शिक्षक घसा फाटेपर्यंत एकच गोष्ट ओरडत असतात, "उजवा पाय!"

हिरवी रेषा जेमतेम दीड किलोची होती. केशरी नऊ किलोची. दर टेकऑफला, दर गो-अराउंडला.

"मॅडम," मुबीन पडद्याकडे बघतच म्हणाला, "हा पाय कोणाचा?"

दोन्ही सीटची पेडलं खालून एका सळईने जोडलेली असतात. एकाने दाबलं की दुसऱ्याचंही खाली जातं. कृतिकाचा पाय पेडलवर होता, पेडल खाली जात होतं, तिला वाटत होतं की मीच दाबतेय. शिक्षकाने 'माझ्याकडे' म्हटलं की तेवढा भाग मशीन हिशेबातून वगळतं. मी कधी म्हटलंच नव्हतं. त्यामुळे मशीन जे शिकलं ते कृतिकाचं खरं दीड किलोच शिकलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी म्हणाले की शक्य नाही. चोवीस वर्षं शिकवतेय, माझा पाय मला कळत नाही का? मग मी कृतिकाला पुन्हा विमानात बसवलं, तापीवर पाच हजार फुटांवर नेलं, तिथे पडलं तरी सावरायला जागा असते. तिला गो-अराउंडचा सराव करायला सांगितला आणि तिच्या नकळत दोन्ही पाय पेडलवरून काढून घेतले.

तिने पॉवर दिली. नाक वर गेलं आणि डावीकडे वळलं. डावा पंख खाली जायला लागला. कृतिकाने मान माझ्याकडे वळवली.

"मॅडम?"

मशीनमधला आणि शेजारचा आवाज यांत केसभरही फरक नव्हता. "माझ्याकडे," मी म्हणाले आणि विमान सावरलं.

खाली आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. विमानाच्या पंखाखाली सावलीत बसून तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे आजवर मी एकदाही टेकऑफ केलं नाही?"

"केलंस. अर्धं."

ती बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, उद्या किती वाजता यायचं.

संध्याकाळी मुबीनने विचारलं की ही सवय कधीपासूनची. हर्षल गेल्यापासून, मी ताबडतोब म्हणाले. पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, तसं माझ्या पायाचं झालं असणार. तो म्हणाला, "हर्षलच्या वेळी आपल्या दोन विमानांना पेडलपासून हेडसेटपर्यंत सगळी मोजणी बसवली होती मॅडम, प्रयोग म्हणून. तो डेटा कपाटात आहे." मी म्हणाले, उद्या वारा कसा आहे ते बघ. तो विषय तिथेच संपला.

*

पुढचे नऊ दिवस मी मांडी घालून उडाले. त्रेपन्न वर्षांच्या बाईने त्या इवल्या सीटवर मांडी घालून बसणं हे बघण्यासारखं दृश्य असणार, पण पाय पेडलपासून लांब ठेवायचा दुसरा उपाय मला माहीत नव्हता. खाली सोडले की ते आपोआप जागेवर जायचे. पहिल्या दिवशी विमान दारू प्यायल्यासारखं उडालं. कृतिकाची पाठ घामाने भिजली. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, विमानात ओरडले. "उजवा पाय! उजवा पाय, पोरी!" ती दचकली, मग हसली, मग तिने पाय दाबला. घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि मुक्कामाला येऊन मिठाच्या गुळण्या करायच्या, असे ते दिवस गेले.

सहाव्या दिवशी भटूआप्पा आले.

भटूआप्पा चौधरी हर्षलचे वडील. दर वर्षी त्या तारखेला ते शाळेत येतात आणि आपल्या वाफ्यातली भरताची वांगी मेससाठी घेऊन येतात, पोतंभर, हिरवी, गुळगुळीत. एकतीस वर्षं एसटी चालवली, एकही अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते रोज शर्टाला लावायचे; हर्षल गेल्यापासून लावत नाहीत. आता एसटीला चालकच लागत नाही, पण आप्पा अजून रस्ता ओलांडताना गाडीच्या काचेत डोळे भिडवायला माणूस शोधतात.

वांगी उतरवून ते दर वर्षी माझ्यापुढे हात जोडतात आणि तेच वाक्य बोलतात, "माफ करा मॅडम. पोराने तुमच्या शाळेचं नाव खराब केलं." दर वर्षी मी म्हणते, असं बोलू नका आप्पा. आणि चहा मागवते.

या वर्षी कृतिका तिथेच उभी होती. तिच्या अंगावर उड्डाणाचा पोशाख बघून आप्पा तिच्याकडे वळले.

"बेटा, सोलो व्हायचा आहे का तुझा? मग एक ध्यानात ठेव. काही झालं तरी गाडी सोडायची नाही. मना आंडोरने सोडून दिली. बापाचं एवढं बघून पण शिकला नाही तो."

'मना आंडोर', माझा मुलगा. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी हर्षलचं नाव ऐकलं नव्हतं. कृतिका माझ्याकडे बघत होती. मी चहा मागवला. त्या क्षणाची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

आप्पा गेल्यावर मी मुबीनला म्हणाले, कपाट उघड.

मेलेल्या माणसाची पडछाया करायला परवानगी नाही. मुबीनने ते मला सांगितलं, दोनदा सांगितलं. मी नियमांची बाई आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने दार आतून लावलं.

मशीनला शिकायला दीड दिवस लागला. त्याआधी मुबीनने त्या जुन्या तासांच्या रेषा काढल्या. हिरवी दोन किलोची, केशरी नऊ किलोची. हर्षल जिवंत असताना, हसत असताना, माझ्या शेजारी बसून "मॅडम, जमलं ना?" विचारत असताना, माझा पाय खाली तेच करत होता. हर्षलच्या मरणाने मला ती सवय लागली नव्हती. ती आधीचीच होती, बहुधा अगदी पहिल्या विद्यार्थ्यापासूनची. बाकीचे कोणा ओरडणाऱ्या शिक्षकाच्या हाताखालून गेले म्हणून शिकले, किंवा नशिबाने वाचले. मी ओरडत नव्हते कारण माझ्या वाटचं ओरडणं पाय करत होता.

मुबीनने त्या दिवसाचा वारा घातला आणि दहा हजार उड्डाणं सोडली. तीनशे बारा वेळा विमान उतरताना उसळलं. तीनशे बारा वेळा हर्षलने नियम पाळून गो-अराउंड केला. दोनशे नव्वद वेळा तो मेला.

"आता तुमचा पाय घालतो," मुबीन म्हणाला. नऊ किलो, उजव्या पेडलवर, बाकी सगळं तेच. पुन्हा दहा हजार. मरणं शून्य.

अट होती म्हणून मी ऐकायला बसले. दोनशे नव्वद. मुबीन म्हणाला की ही पडछाया सहीसाठी नाही, ऐकायची गरज नाही. मी म्हणाले, आहे.

*

कृतिकाचा दुसरा आकडा सात आला. त्या सातांत एकदाही ती उजवीकडे बघत नाही. एकदा तर स्वतःलाच एक सणसणीत शिवी देते. ऐकून मला हायसं वाटलं. तरी मी मुख्य शिक्षकांना विनंती केली की तुम्हीही तिच्याबरोबर एकदा जा, आणि मांडी घाला. त्यांनी कारण विचारलं तेव्हा खिशातलं पत्र त्यांना दिलं. विमान खात्याला लिहिलेलं, हर्षलच्या अपघाताचं खरं कारण आणि त्याखाली माझी सही. त्यांनी ते दोनदा वाचलं. उद्या पोचलं की तुमचं शिकवणं थांबेल, एवढंच म्हणाले. मी म्हणाले, म्हणून तिचा सोलो आज.

त्याच सकाळी ते मांडी घालून तिच्याबरोबर एकदा जाऊन आले, मग मी. वारा तीन नॉट होता. मी उतरले, वाकले, माझ्या सीटचा पट्टा बांधला. बक्कल दोनदा निसटलं. कृतिका समोर बघत होती. मी दार लावलं, दोनदा थोपटलं आणि कडेला जाऊन उभी राहिले, हातात तोच छोटा रेडिओ.

तिसऱ्या फेरीला विमान उसळलं. फार नाही, हातभर. तिने हट्ट केला नाही. इंजिनाचा आवाज चढला आणि रेडिओवर शांतपणे आलं, "गो-अराउंड." मी गप्प राहिले. माझा उजवा पाय बुटात इतका आवळला गेला की दुसऱ्या दिवशी घोटा सुजला. विमानाचं नाक वर गेलं. डावीकडे बोटभर वळलं आणि सरळ झालं. सरळच राहिलं, लहान होत होत तापीच्या दिशेने गेलं.

रेडिओचं बटण पुन्हा दाबलं गेलं नाही.

पोरांनी तिला रिवाजाप्रमाणे बादल्या ओतून भिजवलं. ती मला शोधत असणार. मी तोवर चोपड्याच्या रस्त्याला लागले होते.

*

भटूआप्पा वांग्यांच्या वाफ्यात पाणी धरत होते. मला बघून त्यांनी घाईघाईने हात धुतले, बाज टाकली. मी बसले नाही.

"आप्पा, हर्षलची चूक नव्हती."

त्यांनी मान हलवली. लोक असं म्हणतातच, सांत्वनाला. "राहू द्या मॅडम."

मग मी सगळं सांगितलं. पाय, सळई, दीड दिवस, नऊ किलो, शून्य. काही गाळलं नाही. इंजिनिअरांना समजायला जे तासभर लागतं ते त्या ड्रायव्हरला मिनिटात समजलं.

"म्हणजे गिअर तो टाकत होता," ते सावकाश म्हणाले, "आणि क्लच तुम्ही दाबून राहिल्या होत्या."

"हो."

"आणि त्याला माहीत नव्हतं."

"नाही. मलाही..." मी थांबले.

ते वाफ्याकडे पाठ करून उभे राहिले. पाणी बांध फोडून वाहत होतं, त्यांनी तिकडे बघितलं नाही.

"अकरा वर्षं मी त्याचा फोटो नाही लावला घरात," ते म्हणाले. "त्याची आई म्हणायची, लावा. मी म्हणायचो, बापाच्या नोकरीला बट्टा लावला त्याने. उशीखाली फोटो ठेवूनच वारली ती. तुम्ही दर वर्षी मला चहा पाजला मॅडम."

मी मान खाली घातली. त्यांनी हात उगारला असता तरी मी हलले नसते. मग त्यांनी विचारलं, "त्याने नियम पाळला होता?"

"तंतोतंत. शंका आली, पॉवर दिली, वर गेला. शिकवलं होतं तसंच."

"गाडी नाही सोडली."

"शेवटपर्यंत नाही सोडली."

ते बाजेवर बसले. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग म्हणाले, "त्या मशीनमध्ये तो बोलतो म्हणता."

मी सांगितलं की तो हर्षल नाही, गणित आहे. मुबीनचं वाक्य माझ्या तोंडात इतकं खोटं वाटलं की मी ते पूर्ण केलं नाही. ते म्हणाले, लावा. मी फोन काढला, त्यात एक उड्डाण भरून आणलं होतं. हेही नियमात बसत नाही.

इंजिनाचा आवाज. "गो-अराउंड." दोन सेकंद. मग, "मॅडम?" तिथे मी थांबवलं.

आप्पांनी कान फोनजवळ आणला होता. तो तसाच ठेवून ते म्हणाले, "हाक मारून राहिला तो. तुम्ही काय बोलल्या त्या वक्ताला?"

"काही नाही. विमान त्याच्या हातात असताना बोलायचं नाही, असा नियम आहे."

"बरोबर आहे नियम. एसटीत पण पाटी असायची, चालकाशी बोलू नका." त्यांनी फोनकडे बोट केलं. "पण आता तर त्याच्या हातात काही नाही ना मॅडम. आता ओ द्या."

मी पुन्हा लावलं. इंजिन, गो-अराउंड, दोन सेकंद.

"मॅडम?"

"ओ," मी म्हणाले. "ओ, हर्षल."

आप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला, कुठे दाबायचं ते विचारलं, आणि स्वतःच पुन्हा लावलं. या वेळी माझ्याआधी त्यांनीच ओ दिली.